सगळं खुशाल

बाळा,

दोन महिने झाले, तू फोनवर "हं", "जेवले", "ठेवते" एवढंच बोलायलीस. मम्मीशी बोलतीस, आज्जीशी तर अर्धा अर्धा तास बोलतीस, पण मी फोन हातात घेतला की तुला लगेच वॉर्डात जायचं असतं. कळतंय मला. मी काही तेवढा येडा नाही. पण फोनवर मला बोलायचं जमत नाही, दुकानात गिऱ्हाईक असतं, कोणाची तरी मोटर जळालेली असते, आता तर हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस आणि लाईट रात्रीची, त्यामुळं रोज चार-पाच मोटरी यायल्यात रिवायंडिंगला. म्हणून आज शटर अर्धं खाली ओढून दुकानातच बसून मोबाईलवर लिहायलोय. शुद्धलेखन बघू नको.

तू जाताना जे बोललीस ते डोक्यातून जाईना. "मी नर्स होणार म्हणून गावभर सांगता आणि माझ्याच आबाचं माझ्यापासून लपवता." याला माझ्याकडं उत्तर नाही. पण त्या पंधरा दिवसांत काय काय झालं ते तुला सगळं माहीत नाही, काही गोष्टी तर मलाच तेव्हा पहिल्यांदा कळाल्या, त्या सांगतो. मग चिडायचं तर चीड.

आबा पडले ते पहाटे साडेचारला. रोजच्यासारखं उठले, चादरीची चौकोनी घडी घातली (ती घडी तशीच पलंगावर होती, मी नंतर बघितली), बादली भरायला गेले आणि न्हाणीच्या उंबऱ्याला पाय अडकला. उजवा खुबा गेला. तुझा पहिला पेपर त्याच दिवशी होता. मी मोबाईल काढला तर आबा तिथंच वल्ल्या फरशीवर पडलेले, तोंडावर घाम, आणि मला म्हणतात, "पोरीला लावू नको. तिचा पेपर हाय." मला वाटलं आजच्या दिवसापुरतं म्हणायलेत. लातूरला नेलं, ऑपरेशन ठरलं, तर छातीत कफ भरला, न्युमोनिया म्हणाले, ऑपरेशन लांबलं. तुझा एक पेपर झाला की आबा म्हणायचे आता पुढचा होऊ दे. असे पाच पेपर.

आणि ते व्हिडिओ कॉल. तुला आता सगळं सांगतो. तुझा फोन यायच्या आधी दहा मिनिटं आबा तयारीला लागायचे. गाऊनवर पांढरा शर्ट, बटणं आत्या लावायची, डोक्यावर टोपी. पलंग वर करायचा, मागच्या भिंतीवर घरून आणलेली चादर अडकवायची. नाकातली ऑक्सिजनची नळी काढून कानामागं सरकवायची, त्यावरून तिथल्या सिस्टर आम्हाला लई बोलल्या आणि बरोबरच बोलल्या. सलाईनचा हात चादरीखाली. तू विचारायचीस कसे आहात. तिसऱ्या की चौथ्या फोनला आबा म्हणाले, "खुशाल हाय माय, सगळं खुशाल." तू हसलीस. "खुशाल? आबा, हा कुठला नवीन शब्द काढला?" मोबाईल माझ्या हातात होता, तो हलला, तुला वाटलं नेटवर्क गेलं.

त्या शब्दाचंच मला सांगायचंय.

तुला आठवत असंल, आबांना फोनवर कोणी "आम्ही सगळे खुशाल" म्हणलं की ते उखडायचे. आत्या सासरहून फोन करायची तर तिला, मी मुंबईला आयटीआयनंतर सहा महिने होतो तर मला, "खुशाल म्हनू नको, काय झालंय ते सांग. ताप आला तर ताप म्हन, पैसे संपले तर संपले म्हन." आम्हाला वाटायचं फौजेची सवय, रिपोर्ट पाहिजे माणसाला. तसं नव्हतं.

आबा १९४५ चे. पोलीस ॲक्शन झालं १९४८ ला तेव्हा तीन वर्षांचे, त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं, पण सोलापूरकडून नळदुर्गावरून मिलिटरीच्या गाड्या आल्या आणि निजामाचं राज्य गेलं ही गोष्ट पंजोबा रोज सांगायचे म्हणे. ते ऐकून ऐकून असंल किंवा घरी खाणारी तोंडं जास्त आणि जमीन कोरडवाहू म्हणून असंल, १९६४ ला आबा भरती झाले आणि बेळगावला मराठा सेंटरला गेले. तिथून जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा लाईट इन्फंट्री. ही पलटण १७६८ ची आहे, हे आबा कुणालाही, अगदी मोटर घेऊन आलेल्या गिऱ्हाइकालाही सांगायचे. फौजेत मराठ्याच्या जवानाला सगळे गणपत म्हणतात, नाव काहीही असो. आबांना ते आवडायचं. "तिथं कुनी पाटील न्हाई कुनी कुळवाडी न्हाई, सगळे गनपत." लग्न १९६८ ला सुट्टीत. आज्जी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची, शाळा बघितलेली नाही.

तर पत्रं. आबांचा पत्ता ९९ एपीओ, म्हणजे फौजेचं टपाल ऑफिस, पूर्वेकडच्या सगळ्या पलटणींना तोच. माणूस नेमका कुठं आहे ते घरच्यांना कळायचं नाही. पत्र आलं की गावातले गुरुजी पारावर बसून मोठ्यानं वाचायचे, आणि उत्तर पंजोबा सांगायचे, गुरुजी लिहायचे. आज्जी दाराआडून ऐकणार. आता नवऱ्याचं पत्र असं चारचौघात वाचल्यावर त्यात बायकोला काय लिहिणार माणूस? म्हणून आबा पत्राच्या कोपऱ्यात ज्वारीचं एक कणीस काढायचे. बाकी पत्र सगळ्यांचं, कणीस आज्जीचं. हे मला आज्जीनं दवाखान्यात सांगितलं, आबा झोपलेले असताना, इतक्या वर्षात पहिल्यांदा. आणि लाजली. ७४ वर्षांची बाई.

आता जे सांगतो ते तुला माहीत नाही. मला अर्धंच माहीत होतं.

माझ्या आधी आज्जीला एक मुलगी झाली होती, १९७० च्या पावसाळ्यात. आबांनी तिला एकदाच बघितलं, एकाहत्तरच्या सुरवातीला सुट्टीवर आले तेव्हा, ती नुकती रांगायली होती. एकाहत्तरच्या ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, गावात गोवर आला. त्यात ती गेली. सव्वा वर्षाची.

तेव्हा लढाईचं वारं होतं, सगळी फौज सीमेवर गेलेली. पंजोबांनी ठरवलं की कळवायचं नाही. गुरुजींना तसं सांगितलं, आज्जीला सांगितलं, पलटणीत असलेल्या गावातल्या दुसऱ्या पोरांच्या घरच्यांनाही हात जोडून सांगितलं की तुमच्या पत्रात यातलं काही जाऊ देऊ नका. आणि आबांना पत्रं जात राहिली. इकडे सर्व खुशाल आहेत. बैल खुशाल आहेत. ज्वारी गुडघ्याला लागली. सर्व खुशाल.

मग डिसेंबर. ३ तारखेला लढाई सुरू झाली. आबांची पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागं गेली, ढाक्याकडं जाणारी वाट अडवून बसायला. पुढं गावात पाकिस्तानची ३१ बलूच, मागं हे. लेफ्टनंट कर्नल ब्रार हे यांचे सीओ, म्हणजे पलटणीचे मोठे साहेब. ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी त्या बलूच पलटणीच्या कर्नलला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, एक मुक्तिवाहिनीचा माणूस घेऊन गेला, तर उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून आली. ही गोष्ट तुला आबांनी शंभरदा सांगितली, कारण ती दुसऱ्याची गोष्ट होती. १० डिसेंबरच्या रात्री ते बलूच वेढा फोडून बाहेर निघायला बघत होते आणि ते निघाले ते नेमके मराठ्यांच्या मोर्चांवर, म्हणजे खंदकांवर. त्या रात्रीचं आबा कधीच बोलले नाहीत. फक्त, थंडी लई होती आणि मोजे वल्ले होते.

तुझ्या शाळेत आले होते ना विजय दिवसाला, तू सहावीत असताना? एका पोरानं विचारलं आजोबा तुम्ही किती मारले. हेडसर घाबरले. आबा म्हणाले, "ते राहू दे. पायाचं सांगतो." आणि मग वीस मिनिटं पाय. बूट अर्धा नंबर मोठा घ्यायचा, मोजे सुती, रात्री बोटांच्या मधात कोरडं करायचं, फोड आला तर फोडायचा नाही. तू घरी येऊन रडलीस की सगळे हसले म्हणून. मला तेव्हा हसू आलं होतं. आता तू बारा बारा तास ड्युटी करतीस तर तूच मैत्रिणींना हे सगळं सांगत असशील.

११ ला जमालपूर पडलं, पुढं टांगाईल, आणि १६ डिसेंबरला ढाका. पहिल्यांदा शिरलेल्या पलटणींत ही पलटण होती. आता गंमत बघ, १७ तारखेला मार्गशीर्ष अमावस्या होती, म्हणजे आपल्याकडं येळवस. सगळं जग ढाक्याच्या शरणागतीचं बोलायलंय आणि आपले लातूर-उस्मानाबादकडचे दोन-तीन गणपत तिथं शेकोटीजवळ बसून, आज घरी भज्जी केली असंल, आंबील असंल, उंडे असतील, कडब्याच्या कोपीत पांडव मांडले असतील, हे बोलत बसले. लंगरात मिळाली ती डाळ त्यांनी पहिली रानात शिंपडल्यासारखी चार बाजूला शिंपडली आणि मग खाल्ली. आबा म्हणायचे, मी तेव्हा मनात म्हणलो, पोरगी आज कोपीत बसून आंबील प्यायली असंल.

बहात्तरच्या मार्चमधे सुट्टी मिळाली. शिमगा होऊन गेला होता. येताना कलकत्त्याला गाडी बदलायला वेळ होता तर आबांनी एक फ्रॉक घेतला, पिवळा, गळ्याला लाल दोरा. दोन वर्षं पुरावा म्हणून मोठा. मग ते किती गाड्या बदलत कुर्डुवाडीला, तिथून त्या छोट्या लाईनच्या गाडीनं लातूर, मोटारीनं औसा आणि पुढं पायी. काळी ट्रंक डोक्यावर. वाटंत रानात माणसं भेटली. "आलास का?" म्हणायची आणि लगेच खाली बघून औताला लागायची. आबांना वाटलं मिशी वाढवली म्हणून लाजायलेत.

घरी आल्यावर पाणी प्यायच्या आधी त्यांनी ट्रंक उघडली, फ्रॉक काढला आणि म्हणाले, "कुठंय ती?" आज्जी आत गेली. पंजोबांनी सांगितलं.

आबांनी फक्त एक विचारलं, "कवा?" दिवाळीच्या आधी, म्हणाले. मग आबांनी ट्रंकेतून घरची पत्रं काढली. ऑक्टोबरनंतरची चार होती, ती दारात उजेडाला बसून पुन्हा वाचली. चारही पत्रांत बैल होते, गाय होती, चुलत्याचं लग्न होतं, पोरीचं नाव एकातही नव्हतं. लिहिताना गुरुजींना खोटं लिहवलं नसंल बहुतेक, म्हणून नाव गाळून सगळे खुशाल लिहिलं. आबांनी ती चारही पत्रं मोर्चात कितीदा वाचली होती आणि नाव नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना शेवटपर्यंत खुपली. पोरगी गेली ती गेली, बापानं लपवलं ते लपवलं, पण माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई.

वडलांना ते काही बोलले नाहीत, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. आज्जी म्हणते आठ दिवस ते रोज रानात जाऊन ताली घालायचे, एकटेच, दगड उचलून उचलून. खालच्या वावरातली ती लांब ताल आहे ना, जिच्यावर बसून तू बोरं खायचीस, ती त्या सुट्टीतली. मीही त्याच सुट्टीतला, १९७२ च्या डिसेंबरअखेरचा. पुढचा हिशोब तू कर, नर्स आहेस.

ते साल म्हणजे दुष्काळ. मी पोटात असताना आज्जी सातव्या महिन्यापर्यंत रोडवर खडी फोडायला गेली, सुकडी खाऊन. आबांना हे तिनंच पत्रात लिहायला सांगितलं म्हणते, गुरुजी नको म्हणत होते, तर ही म्हणाली जे आहे ते लिहा, नाहीतर मी बोटाला शाई लावून कोरा कागद पाठवीन. त्या महिन्यापासून मनीऑर्डर दहा रुपयांनी वाढली. पैसे कुठून काढले माहीत नाही. बिडी सोडली असं आबा म्हणायचे.

फ्रॉक मात्र पेटीत जपून वगैरे ठेवला नाही कोणी. आत्या झाली १९७५ ला, ती दीड वर्षाची झाल्यावर आज्जीनं तिला तो घातला. आबा सुट्टीवर होते. आज्जी घाबरत होती, तर आबा म्हणाले, "कापड हाय, घालायलाच आनलं हुतं." मग तो चुलत्यांच्या पोरींनी घातला, गल्लीतल्या कोणाकोणाच्या पोरींनी घातला, परत आला. तुझ्या पहिल्या वाढदिवसाचा तो स्टुडिओतला फोटो आहे ना, तू रडायलीस आणि फोटोवाल्यानं हातात प्लास्टिकचं फूल दिलंय, त्यात अंगात जो विटलेला पिवळा फ्रॉक आहे, तो तोच. मम्मीला तेव्हा राग आला होता की नवीन घेतलेला सोडून हा काय जुना. तिलाही माहीत नव्हतं.

१९८१ ला आबा हवालदार म्हणून पेन्शनवर आले. वय ३६. पुढं औश्याला एका बँकेत बंदूक घेऊन दारात उभे राहायचे, ते २००५ पर्यंत. दोनदा चांगल्या नोकऱ्या आल्या, एक पुण्याला कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझरची होती, पगार दुप्पट. नाही म्हणाले. "सतरा वर्सं भायेर काढली, आता सांजच्याला घरी जेवनार." आणि खरंच, त्यानंतर मी आबा संध्याकाळी घरी नाहीत असं बघितलेलं नाही, किल्लारीच्या भूकंपाचे ते दिवस सोडले तर. आत्याच्या वेण्या तेच घालायचे, आज्जी पहाटे रानात जायची म्हणून, आणि अशा घट्ट घालायचे, तंबूच्या दोरीसारख्या, की आत्याच्या भुवया वर ओढलेल्या असायच्या, बाई विचारायच्या पोरी तुला सारखं आश्चर्य कसलं वाटतं. पुऱ्या लंगरसारख्या, एका वेळी चाळीस. कँटीनची रम स्वतः कधी घेतली नाही पण कोटा कधी सोडलाही नाही, आमच्या छातीला सर्दीत चोळायची, उरलेली गल्लीतल्या बाळंतिणींना, मला आठवतं घरात कायम दवाखान्यासारखा वास. मेडल दोन, पूर्वी स्टार आणि संग्राम मेडल, बोर्नव्हिटाच्या डब्यात सुईदोऱ्यासोबत. दुपारी बँकेच्या सुट्टीत आज्जीला पाटीवर अक्षरं शिकवली. आज्जीनं लिहिलेलं पहिलं वाक्य काय माहितीय? "तुम्ही लई घोरता." ती पाटी फुटली, नाहीतर दाखवली असती.

किल्लारीचं तुला थोडं माहितीय. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला थोडं कमी. गणपती विसर्जन करून माणसं नुकतीच झोपलेली. आदल्या वर्षीच किल्लारीला धक्के बसले होते, तेव्हा आबांनी ऐकून आपल्या माळवदावरची माती काढून पत्रे टाकले होते, गाव हसलं होतं फौजीला, म्हणून आपण आहोत. तिकडं दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि डोक्यावर तेवढी माती, माणूस झोपल्या जागी गाडला गेला. मी वीस वर्षांचा होतो, आबांबरोबर सायकलवर गेलो. मिलिटरी आल्यावर आबा त्यांना गल्ल्या दाखवायचे, कुठं घर होतं कुठं गोठा होता ते गावकऱ्यांना विचारून सांगायचे. ते सगळं मी लिहीत नाही, मला अजून नीट लिहिता येणार नाही.

पण एक लिहितो. तिसऱ्या दिवसापासून आबांनी खणणं सोडलं आणि दुसरंच काम धरलं. बँकेच्या पैसे भरायच्या पावत्यांच्या मागं ते नावं लिहायला लागले. कोण गेलं, कोण जिवंत आहे, कोणत्या दवाखान्यात नेलं, माहेर कोणतं. त्या गावांत दिलेल्या लेकी होत्या ना, निलंग्याकडच्या, उमरग्याकडच्या, त्यांच्या आईबापांना काही कळत नव्हतं, फोन बंद. आबा सायकलवर त्या त्या गावी जाऊन सांगून यायचे. मी दोन दिवस बरोबर होतो. एका घरी म्हाताऱ्यानं बाज टाकली, पाणी आणलं, बसा म्हणाला. आबा उभेच. "आधी ऐका, मग पानी." आणि सांगितलं, जसं आहे तसं, तुमची लेक गेली, जावई गेले, नातू आहे, सोलापूरला दवाखान्यात आहे, पाय मोडलाय, बोलतोय. मग पाणी प्यायले. वाटंत मी म्हणलो आबा जरा हळूहळू सांगायचं होतं. तर सायकल थांबवून माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा बोललो नाही. पहिल्या पोरीचं त्या दिवशी मला अर्धं सांगितलं, सायकल धरून, उन्हात.

तर असा माणूस. आता तूच सांग, हा माणूस दवाखान्यात पडून तुला खुशाल म्हणतो तेव्हा मला काय झालं असंल.

त्या रात्री मी विचारलं. आत्या घरी गेली होती, आम्ही दोघंच. म्हणलं, आबा, तुम्हाला पंजोबांनी कळवलं नाही ते तुम्ही जन्मभर विसरला नाही, आणि आता पोरीला तेच करायलात? कामून? बराच वेळ बोलले नाहीत, मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "म्या लई वर्सं बापावर मनात डूक धरला. पर त्या राती जमालपूरला, मला कळालेलं असतं तर मी मोर्चातून उठलो असतो. उठलो असतो तर तू नसतास." मी म्हणलं पेपर म्हणजे काय लढाई आहे का. तर म्हणाले, "तिच्यासाठी हाय." आणि थोड्या वेळानं, "बाप बरोबर हुता असं न्हाई म्हनत मी. मला आजून कळालं न्हाई." एवढंच झालं बोलणं.

शेवटचा पेपर तुझा पाचला सुटला. डॉक्टरांनी मला सकाळी अकरालाच सांगितलं होतं की आज उद्या काही खरं नाही. मी सहा वाजता फोन केला. तू म्हणालीस ते खरंय, मी घड्याळ बघत बसलो होतो. अकरा ते सहा. नागपूरहून तुला आठची ट्रॅव्हल्स मिळाली. आबांना सांगितलं, निघाली. दर अर्ध्या तासाला विचारत होते, वर्धा आलं का, यवतमाळ आलं का. एकदा विचारलं, "पायात काय घातलंय तिनं?" मी काहीतरी सांगितलं, चप्पल म्हणलो वाटतं. साडेबाराला गेले.

एक वाजता तुझा फोन आला. यवतमाळच्या पुढं होतीस. "आबा कसे आहेत?"

"आहेत. झोपलेत."

हे मी म्हणालो. आबांनी नव्हतं सांगितलं. पेपर संपला होता, आता लपवायचं काही कारण नव्हतं, आबाच नव्हते. तू एकटी बसमधे, रात्रीची, अंधारात, शेजारी कोण बसलंय माहीत नाही, तिथं तुला हे सांगितलं तर तू काय करशील, एवढंच आलं मनात आणि तोंडातून निघून गेलं. दोन महिने मी सगळ्यांना सांगत फिरलो की आबांचीच इच्छा होती. पेपरापुरती होती. ते एक वाजताचं माझं आहे. तू सकाळी लातूरला उतरलीस आणि स्टँडवर माझा चेहरा बघून तुला कळालं, पंजोबांना निदान तोंडानं तरी सांगता आलं, मला तेही नाही. तू माझ्याकडं बघितलंस ते मी विसरलेलो नाही.

त्याबद्दल माफी कशी मागायची मला माहीत नाही. लिहिलंय तेवढंच.

आता इकडचं, जसं आहे तसं. आज्जीची शुगर काल २८० निघाली, ती रात्री उठून गूळ खाते, मला माहितीय, तिला माहितीय की मला माहितीय. पेन्शन अजून तिच्या नावावर झाली नाही, जुन्या कागदावर तिचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं, त्यासाठी मी तीन चकरा मारल्यात, चौथी सोमवारी. मम्मीचा गुडघा दुखतोय, दाखवायला नको म्हणते. मला झोप येत नाही, साडेचारला डोळा उघडतो आणि बादलीचा आवाज ऐकू येतो का बघतो. दुकान बरं चाललंय. गाय आटलीय.

येळवशीला ये. सुट्टी मिळाली नाही तर तसं सांग, मिळाली म्हणून नको. कोप मी घालतोय यंदा, मला आबांसारखी जमत नाही, वाकडी होते. आज्जीनं फ्रॉक वर काढून ठेवलाय, शिवण उसवलीय म्हणते, तुझ्याकडून टाके घालून घ्यायचेत, तू आता माणसाला टाके घालतीस तर फ्रॉकला घाल म्हणाली.

बसमधे बूट काढून बस, पाय सुजतात.

तुझे
पप्पा